मुले : निरंक

पत्रिका जुळत नाही, असं इंदूरच्या मंडळींनी कळवलं आणि मला पहिला संशय तिथेच आला. कारण पत्रिका आम्ही त्यांना दिलीच नव्हती.

आमच्या ताईचं हे दुसरं लग्न व्हायचं होतं. पहिलं इथेच बडोद्यात, नागरवाड्यातल्या एका घरात झालं होतं आणि काही वर्षांत मोडलं. भांडणतंटा नाही, कोर्टात आरडाओरडा नाही. दोघांचं पटलं नाही, मूलबाळ नव्हतं, दोघांनी सह्या केल्या आणि ताई दांडिया बाजारात आमच्याकडे परत आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. एक दिवस जेवताना तिने स्वतःच सांगितलं, "मला परत लग्न करायचंय. मला एकटीने म्हातारं व्हायचं नाही." आईने डोळे पुसले आणि बाबांनी पुन्हा आमटी वाढून घेतली. आमच्याकडे आनंद असाच व्यक्त होतो.

इंदूरचे गृहस्थ बिजवर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, नोकरी चांगली होती, आणि मुख्य म्हणजे फोनवर बोलताना त्यांनी ताईला हसवलं होतं. ताईचं ते हसणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. कितीतरी दिवसांनी ती अशी मोठ्याने हसली होती. त्यानंतर ती दोन दिवस उगाचच कपाटं आवरत होती. आणि मग मध्यस्थांचा फोन आला, की पत्रिका जुळत नाही.

लग्नाच्या बाजारात खरं कारण कोणी सांगत नाही, हे मला ठाऊक होतं. पत्रिका म्हणजे नकाराला घातलेली शाल. पण निदान मागून घ्यायची तरी! न मागता, न बघता ती जुळेनाशी झाली म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यानंतर पुण्याचं एक स्थळ असंच मध्येच गप्प झालं. कोणीतरी मोडता घालतंय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. प्रश्न एवढाच होता, की कोण?

मी मुळातच संशयी आहे, आणि माझ्या नोकरीने त्याला खतपाणी घातलं होतं. अलकापुरीतल्या एका लहानशा ऑफिसात मी वेबसाइटी बनवायचे. तेव्हा बडोद्यात गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडत होते आणि ज्याच्या त्याच्या दुकानाला वेबसाइट हवी होती. आमची भाषा पीएचपी. लोक पडद्यावरच्या रकान्यांत काहीतरी भरतात, ते आमच्याकडे येतं आणि ते आम्ही एकेका व्हेरिएबलमध्ये ठेवतो. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा. पण डब्यावर "साखर" लिहिलंय म्हणून आत साखर असेलच असं नाही. डबा रिकामा असेल, किंवा डबाच नसेल. म्हणून प्रत्येक डबा उघडण्याआधी हलवून बघायचा, ही आमची पहिली शिकवण. दिवसभर हे करणारी बाई घरी येऊन कोणावर विश्वास ठेवणार? दूधवाल्याने "ताजं आहे" म्हटलं तरी मी आधी नाकाला लावून बघायचे.

बाबांचं उलट होतं. त्यांचा विश्वास कागदावर. आमच्या घरात पणजोबांपासून सगळे कचेरीतले, आधी संस्थानच्या आणि मग सरकारच्या. त्या घराण्याचा एक कुळाचार होता: कागदावर मोकळी जागा सोडायची नाही. सोडली की दुसरा कोणीतरी ती आपल्या सोयीने भरतो. सांगण्यासारखं काही नसेल तर तिथे स्वच्छ अक्षरात "निरंक" लिहायचं. माझ्या शाळेच्या प्रवेशाच्या कागदावर "आजार" या शब्दापुढे बाबांनी निरंक लिहिलं, ते ठीक. पण "विशेष प्रावीण्य" यापुढेही निरंकच लिहिलं. त्याबद्दल मी पुढे अनेक वर्षं त्यांच्याशी भांडले. ते म्हणायचे, "अगं, खोटं लिहायचं नाही आणि मोकळं सोडायचं नाही. मग काय लिहू?"

ताईचं नाव बडोद्यातल्या एका मराठी वधूवर मंडळात नोंदवलं तेव्हा पुनर्विवाहाच्या विभागात "मुले" असा रकाना होता. बाबांनी तिथे निरंक लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मंडळाची बरीचशी माणसं अशाच घरांतली, त्यामुळे ज्यांना मुलं नव्हती त्या सगळ्यांनीच निरंक लिहिलेलं होतं.

पुढे या मंडळाने वेबसाइट करायची ठरवली आणि काम आमच्या ऑफिसात आलं. मंडळाचे चिटणीस काका मला लहानपणापासून ओळखत. ते आल्या आल्या मला म्हणाले, "तू आहेस ना इथे, मग बधुं बरोबर होणार." बडोद्याच्या मराठीत बधुं म्हणजे सगळं. पण आमच्या साहेबांनी ते काम मुद्दाम मला दिलं नाही. ओळखीच्या माणसांचं काम असलं की मी फुकटात जास्तीचं करून देईन, असा त्यांचा संशय होता. संशयी मी एकटीच नव्हते. काम गेलं शेजारच्या टेबलावर, जवळच्या सावली गावाहून रोज बसने येणाऱ्या सहकाऱ्याकडे. तो गुजराती, हुशार, झटपट काम उरकणारा. वेबसाइट सुरू झाली तेव्हा मी ताईचं पान एकदा उघडून पाहिलं. मुले: निरंक. मी पान बंद केलं आणि पुन्हा काही तिकडे फिरकले नाही.

तर मोडता कोण घालतंय? माझं बोट सरळ नागरवाड्याकडे गेलं. ताईची आधीची सासू. घटस्फोट शांतपणे झाला होता हे खरं, पण इतका शांतपणा मला तेव्हाही पचला नव्हता. आपल्या मुलाचं लग्न मोडून गेलेल्या सुनेचं भलं व्हावं असं कोणत्या सासूला वाटतं? त्यातच एका संकष्टीला मी त्यांना देवळाबाहेर चिटणीस काकांशी बोलताना पाहिलं. मी जवळ गेले तशी दोघं गप्प झाली. काका म्हणाले, "अगं, आम्ही अमथ्याच गप्पा मारत होतो." चोराच्या मनात चांदणं! अमथ्या गप्पा मारणारी माणसं असं सांगत नाहीत. मी घरी जाऊन आईला म्हटलं, "त्याच कान भरतायत लोकांचे." आईने मला गप्प केलं, पण तिलाही ते पटलं असावं, कारण त्या दिवशी तिने भाजीत मीठ घातलं नाही.

घरातलं वातावरणही बिघडलं होतं. ताई बाबांशी कामापुरतं बोलायची. बाबा झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्राचं एकच पान तासभर धरून ठेवायचे. ताई खोलीत आली की उठायचे, मग पुन्हा बसायचे. लग्न जमत नाही म्हणून दोघं खचली आहेत, असं मी धरून चालले. आणि त्याचाही राग मी नागरवाड्याच्या खात्यावर मांडला.

एका रविवारी मी काकूंच्या घरी जाऊन थडकले. त्यांना मी पूर्वीपासून काकूच म्हणायचे. भांडायच्या तयारीनेच गेले होते. दार उघडून त्या म्हणाल्या, "ये, बेस. मी वाटच बघत होते."

मी बसले नाही. म्हटलं, "काकू, ताईबद्दल लोक तुम्हाला विचारायला येतात का?"

"येतात ना. चौकशीला येणारच. इंदूरकडून कोणी आले होते, मग पुण्याचे."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, मुलगी सोन्यासारखी आहे, आमच्याकडेच पटलं नाही. आणखी काय सांगू? पण त्यांना ते नकोच होतं गं. ते एकच धरून बसले. मूल कोणाकडे असतं, म्हणून."

मला कळेना. "कोणाचं मूल?"

काकू जवळ आल्या. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "मीही तेच विचारलं. तर म्हणाले, तसं काही नसतं तर तिथे सांगितलं नसतं का? देवळापाशी चिटणीसांनाही मी विचारलं, तर त्यांना काही माहीत नाही. आता तू मला खरं सांग. इथून गेली तेव्हा तिला दिवस गेले होते का? मी काही मागणार नाही. माझं नातवंड असेल तर मला लांबून बघू दे फक्त."

भांडायला गेलेली मी तिथे खुर्चीत बसले. या बाईविषयी मी काय काय बोलले होते! आणि ती मात्र नसलेल्या नातवंडाची वाट बघत होती. मी म्हटलं, "नाही हो काकू. असं काही नाही." त्यांनी मान डोलावली, पण माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. संशय असाच असतो. तो एकदा घरात शिरला की उठा म्हटलं तरी उठत नाही.

पण "तिथे सांगितलं नसतं का" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तिथे म्हणजे कुठे? सोमवारी ऑफिसात शिरल्या शिरल्या मी मंडळाची वेबसाइट उघडली आणि ताईचं पान काढलं. नाव, शिक्षण, उंची, नोकरी, सगळं जसंच्या तसं. आणि खाली: मुले: माहिती दिलेली नाही.

लग्नाच्या बाजारात "मूल आहे" हे चालतं, एखाद्याला पसंतही पडतं. पण घटस्फोट झालेल्या बाईच्या नावापुढे मुलांबद्दल "माहिती दिलेली नाही" असं दिसलं, की वाचणाऱ्याला एकच अर्थ कळतो: आहे, आणि लपवलंय. त्याच विभागातली बाकीची पानं मी भराभर उघडली. ज्यांना एक मूल, दोन मुलं, त्यांचे आकडे ठळक दिसत होते. ज्यांना मूल नव्हतं त्या प्रत्येकापुढे तेच वाक्य. मुलं असलेले प्रामाणिक ठरले होते आणि नसलेले चोर. आणि त्यांतल्या कोणी तक्रार केली नव्हती, कारण नकार येण्याची सवय असलेली माणसं कारण विचारायला जात नाहीत.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी ओढतच आणलं. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. वेबसाइट सुरू झाल्यावर मंडळाला शोधायची सोय हवीशी झाली, मुलं किती यावरून स्थळं शोधता यावीत म्हणून. त्यासाठी त्या रकान्यात आकडा लागतो, आणि तिथे तर जागोजागी निरंक. हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. त्याने चिटणीस काकांना विचारलं, ते म्हणाले, निरंक म्हणजे शून्य. तेव्हा त्याने सगळीकडे शून्य घातलं. इथवर सगळं ठीक. पण पान दाखवताना त्याने डबा भरलाय की नाही हे तपासायला "एम्प्टी" वापरलं होतं. रिकामं असेल तर "माहिती दिलेली नाही" दाखव. आमच्या भाषेतलं हे एम्प्टी मोठं चमत्कारिक आहे. न भरलेल्या रकान्याला ते रिकामं म्हणतं, हे बरोबर. पण शून्यालाही रिकामंच म्हणतं. रकान्यात कोणी नुसती स्पेस बार दाबून मोकळी जागा सोडली, तर मात्र त्याच्या मते तो रकाना भरलेला! म्हणजे काहीच न सांगणारा सुटला, आणि "नाहीत" असं स्वच्छ सांगणारा पकडला गेला.

मी चिडून त्याला हे ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "पण बेन, झीरो एटले कंई नहीं ने?"

शून्य म्हणजे काहीच नाही ना, एवढंच त्याचं म्हणणं. मला त्याच्यावर ओरडताही येईना. दोन गोष्टी त्याच्या लेखी एक होत्या. रकाना मोकळा ठेवणं आणि शून्य लिहिणं यांत फरक असतो, हे कचेरीतल्या माणसाच्या घरी जन्मल्याशिवाय का कळावं? आम्ही ती ओळ बदलली. रकाना खरोखरच मोकळा आहे का, एवढंच काटेकोरपणे तपासायचं आणि शून्य आलं तर "नाहीत" असं लिहायचं. एवढीशी दुरुस्ती. ताईचं पान पुन्हा उघडलं. मुले: नाहीत. मी ते छापून घेतलं आणि साहेबांना पोट दुखतंय असं सांगून घरी पळाले. आनंदाने मला रिक्षात बसवत नव्हतं. आता सगळं सुरळीत होणार असं मला वाटत होतं, इंदूर, पुणे, सगळं.

घरी ताई शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती. बाबा झोपाळ्यावर. मी धापा टाकत सगळं सांगितलं. शून्य, रिकामा डबा, चूक कोणाची नाही, प्रोग्रामची. बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, पुन्हा पुन्हा वाचला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुसरा एक कागद काढला, घड्या पडून मऊ झालेला. तेच पान होतं, जुनं, "माहिती दिलेली नाही" असलेलं. इंदूरचा नकार आल्यावर बाबांनी ते चिटणीस काकांकडून छापून घेतलं होतं.

"हे तुमच्याकडे होतं? मग मला का नाही दाखवलंत?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, "मी निरंक लिहिलं होतं. माझ्या हाताने. कचेरीतली नोंद आपोआप बदलत नाही गं. कोणीतरी बदलून घेतं. ज्याला गरज असते तो बदलून घेतो." आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं निरंक बरोबरच होतं! बघ, म्हणत होतो ना मी? अगं ए, चहा टाक. आपली नोंद बरोबर होती!" ते आईला हाका मारत उठले. इतक्या दिवसांत त्यांना असं हलकं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

मला मात्र उशिरा उजेड पडला. ज्याला गरज असते तो. घरात गरज कोणाला होती?

ताईने पेनाला टोपण लावलं. ती रडत नव्हती, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "बाबा, मूल आहे का, असं तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले होते. पुन्हा विचारलंत तेव्हाही नाही म्हणाले. देवासमोर उभं करून विचारलंत तेव्हाही तेच सांगितलं. तेव्हा ते बरोबर नव्हतं का?"

बाबा कागद धरून उभे राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती, तिने कोणाकडे बघितलं नाही. आईलाही माहीत होतं तर. म्हणजे घरात सगळ्यांना सगळ्यांचा संशय होता, आणि मी बाहेर नागरवाड्यात चोर शोधत हिंडत होते. मला स्वतःचीच इतकी चीड आली, की हातातली पर्स मी जोराने पलंगावर फेकली.

आठवड्याने मध्यस्थांचा फोन आला, की इंदूरच्या ज्योतिष्याने पुन्हा बघितलं, आता जुळतंय. ताईने नको म्हणून सांगितलं. मी तिची समजूत घालायला गेले तर म्हणाली, "त्यांना मी दोष देत नाही. ते मला ओळखत नव्हते." मग तिने सावलीच्या एका शाळेत नोकरी घेतली आणि तिथेच खोली भाड्याने घेऊन राहायला गेली. बसने जेमतेम तासाचं अंतर. दिवाळीला येते, आईला साडी आणते, बाबांना वाकून नमस्कार करते. उणं काही करत नाही.

बाबा अजून अधूनमधून मला बाजूला घेतात. म्हणतात, "तू त्यातली जाणकार. तू सांग तिला नीट. ती मशीनची चूक होती, तिच्या मनात अढी नको." मी सांगते म्हणते आणि सांगत नाही. कारण काय सांगू? मशीनने ताईला काही विचारलंच नव्हतं. बाबांनी विचारलं होतं, आणि तिने उत्तर दिलं होतं.